कांचेच्या गोळ्यांची वंशावळ

आमच्याकडील कचेऱ्यांत टेबलावर जो कांचेचा गोळा असतो, तो केवळ पंख्याच्या भीतीनें ठेवलेला असतो. डोक्यावर पंखा गरगरत असतां कागद जागच्या जागीं राहावेत एवढेंच त्याचें काम. आंत हवेचे चार बुडबुडे, फार तर हिरव्या-निळ्या रंगाचा एखादा पिळा. साहेबानें बोलतां बोलतां तो टेबलावर फिरवावा आणि समोरच्या अर्जदारानें मुकाट्यानें त्याकडे पाहत बसावें, याहून अधिक मान त्याला मिळाल्याचें मीं पाहिलें नव्हतें. अशा वस्तूलाहि घराणें असतें आणि तिच्यावरून दोन खंडांतील दोन भावंडांत पत्रापत्री होते, असें मला कोणी सांगितलें असतें तर मीं तें हंसण्यावारी नेलें असतें.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान डॉक्टर होते. मुंबईची पदवी घेऊन १९७० नंतर जे तरुण ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेंत गेले, त्यांपैकीं ते एक. स्कॉटलंडांतील डंडी या गांवीं त्यांचें सारें आयुष्य गेलें. बहीण आधींच गेली होती. मेहुणेहि वारल्यावर घर आवरण्याचें काम माझ्या भाचीकडे आलें. तिचा भाऊ कानडांत. एके दिवशीं तिचें मला पत्र आलें: "मामा, बाबांच्या कपाटांत कांचेचे अकरा गोळे निघाले आहेत. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी अकराहि मिळून एक रक्कम देतो म्हणतो. दादा म्हणतो, देऊन टाक. मला तें बरें वाटत नाहीं. तुम्ही जुने कागद पाहून खरें-खोटें सांगतां. हे कोणाचे तें सांगाल का?" जुने मोडी कागद आणि स्कॉटिश कांच यांचा संबंध काय, हें माझ्या भाचीलाच ठाऊक. परंतु त्या उन्हाळ्यांत मी तेथें जाणारच होतों. गेलों, आणि दोन महिने भिंग घेऊन त्या गोळ्यांपुढें बसलों.

या वस्तूचा इतिहास फार जुना नाहीं. रंगीत कांचेच्या कांड्यांच्या चकत्या जुळवून नक्षी करण्याची विद्या रोमन काळापासून होती. व्हेनिसजवळील मुरानो बेटावरच्या कारागिरांनीं ती पुढें चालविली आणि तिला 'मिलेफिओरी' म्हणजे सहस्रपुष्पी असें गोड नांव मिळालें. पण या फुलांवर निर्मळ कांचेचा घुमट चढवून तो लिहिण्याच्या टेबलावर ठेवावा, ही कल्पना १८४५ च्या सुमाराची. त्या वर्षीं पिएत्रो बिगालिया या व्हेनिसच्या कारागिरानें व्हिएन्नाच्या प्रदर्शनांत असे गोळे मांडले. फ्रान्समधील सेंट लुई, बाकारा आणि क्लिशी या कारखान्यांनीं तें काम इतकें नामी साधलें कीं, मूळ व्हेनिसचें नांव मागें पडलें. पत्रें लिहिण्याची हौस तेव्हां मध्यमवर्गांत पसरत होती. कागद, दौत आणि लाख यांच्या शेजारीं हे गोळेहि विकले जात. १८६० च्या पुढें ही हौस ओसरली आणि कारागीर दुसऱ्या कामाला लागले.

आंतलीं फुलें होतात कशीं, हें समजल्यावांचून गोळा ओळखतां येत नाहीं. लोखंडी सळईच्या टोंकावर वितळलेल्या कांचेचा गोळा घेऊन तो चांदणीच्या आकाराच्या सांच्यांत दाबतात, त्यावर दुसऱ्या रंगाचा थर देतात, पुन्हा सांच्यांत दाबतात. मग दुसरा कारागीर आपली सळई त्याच्या दुसऱ्या टोंकाला चिकटवितो आणि दोघेहि पाठमोरे न होतां एकमेकांपासून दूर चालत जातात. मधली कांच ताणली जाऊन पेन्सिलीएवढी बारीक होते. नक्षी लहान होते, पण मोडत नाहीं. ती कांडी थंड झाल्यावर तिचे बारीक तुकडे करतात. भेंडी चिरतांना प्रत्येक चकतींत तीच चांदणी निघते, तसा हा प्रकार आहे. हे तुकडे एका कड्यांत हव्या त्या रांगोळीनें मांडून तापवितात, वरून तप्त कांचेनें ते उचलतात, त्यावर स्वच्छ कांचेचा थर घेतात आणि ओल्या लांकडी पळीनें त्याला गोलाई देतात. शेवटीं सळई तोडून गोळा मंद भट्टींत सावकाश निववावा लागतो. तेथें घाई झाली तर सारी मेहनत तडकते.

यांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी. सांचे कारखान्याचे असतात, रंगांचें मिश्रण कारखान्याचें असतें, आणि एकदां ओढलेल्या कांडीचे शेंकडों तुकडे होऊन ते अनेक गोळ्यांत विखुरतात. म्हणून एका गोळ्याचा कर्ता निश्चित ठाऊक असेल, तर त्याच कांडीचा तुकडा ज्यांत आहे तो दुसरा गोळाहि त्याच भट्टीचा असण्याचा संभव फार. सहीपेक्षां कांडीची साक्ष मोठी.

स्कॉटलंडांत ही विद्या आली ती एका स्पॅनिश कुटुंबाबरोबर. साल्वादोर इसार्ट हा १८७८ सालीं जन्मलेला बार्सेलोनाचा कांचकारागीर प्रथम फ्रान्समध्यें गेला आणि १९१५ सालीं, युद्धाच्या धामधुमींत, बायकामुलांसह स्कॉटलंडला आला. एडिंबरोजवळ लीथ येथें आणि नंतर इतरत्र काम करून १९२२ सालीं तो पर्थ येथील जॉन मॉन्क्रिफ यांच्या कारखान्यांत लागला. हा कारखाना कांहीं कलावस्तूंचा नव्हे. बाष्पयंत्राच्या बॉयलरमध्यें पाणी किती आहे तें दाखविणाऱ्या कांचनळ्या हा त्याचा मुख्य माल; शिवाय प्रयोगशाळेंतील भांडीं. साल्वादोरनें तेथें केलेलें एक रंगीत फुलपात्र मालकाच्या पत्नीच्या, इझाबेल मॉन्क्रिफ यांच्या, नजरेस पडलें आणि त्यांनीं तें काम उचलून धरलें, असें सांगतात. १९२४ पासून हा माल 'मोनार्ट' या नांवानें निघूं लागला. मॉन्क्रिफमधील 'मोन' आणि इसार्टमधील 'आर्ट'. मालकाच्या नांवाशेजारीं कारागिराचें नांव बसावें, हें कारखानदारींत वारंवार घडत नाहीं.

साल्वादोरचे चार मुलगे बापाच्याच हाताखालीं तयार झाले. त्यांतील थोरला पॉल, जन्म १९०४ चा, १९३० नंतर पेपरवेटांकडे वळला. फ्रान्समधील जुने गोळे डोळ्यांसमोर ठेवून त्यानें स्वतःच्या हिकमतीनें ती लुप्तप्राय कला पुन्हा बसविली: सहस्रपुष्पी नक्षी तर होतीच, शिवाय ज्योतीवर घडविलेलीं फुलपाखरें, चतुर, मासे आणि फुलें. आपल्या निवडक गोळ्यांत तो 'पी वाय' या आद्याक्षरांची एक बारीक कांडी बसवी. मात्र प्रत्येक गोळ्यांत नव्हे; त्याचे कितीतरी अस्सल गोळे निनांवीच आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें घर विभक्त झालें. एक मुलगा अँटवान १९४२ मध्येंच वारला होता. साल्वादोर आणि त्याचे दोन मुलगे, व्हिन्सेंट व ऑगस्टीन, यांनीं मॉन्क्रिफची नोकरी सोडून पर्थमध्येंच 'इसार्ट ब्रदर्स' नांवाची भट्टी घातली. तिच्या मालाला व्हिन्सेंट, ऑगस्टीन, साल्वादोर यांच्या आद्याक्षरांवरून 'व्हासार्ट' म्हणूं लागले. पॉल जुन्या कारखान्यांतच राहिला. एकाच लहानशा गांवांत बाप एकीकडे आणि थोरला मुलगा दुसरीकडे, दोघेहि त्याच विद्येवर पोट भरणारे! आमच्याकडे वाटण्या झाल्या म्हणजे भांडीं आणि जमीन वांटली जाते. येथें हात वांटले गेले, आणि त्या दिवसापासून दोन निरनिराळ्या वळणांचे गोळे होऊं लागले. पॉलचे रंग दाट आणि बांधणी काटेकोर. व्हासार्टचे रंग फिके, मायाळू, गुलाबी-पोपटी-आकाशी, कांड्या थोड्या जाड्याभरड्या आणि दंतुर चाकासारख्या. पुष्कळदां मध्यापासून कडेपर्यंत पिळाच्या आऱ्या काढून त्यांच्या मधल्या जागेंत फुलें भरलेलीं असतात. मला स्वतःला ही दुसरी तऱ्हा अधिक आवडते. पण बाजार माझ्या मताला विचारीत नाहीं.

साल्वादोर १९५५ सालीं आणि त्यापाठोपाठ ऑगस्टीनहि वारला. व्हासार्टनें एका व्हिस्की कंपनीसाठीं तिच्याच बाटल्या तापवून, चपट्या करून, राखपात्रें बनविण्याचें काम घेतलें होतें. तेवढ्या ओळखीवर १९६५ च्या सुमारास त्या कंपनीच्या पैशानें पर्थच्या पश्चिमेला क्रीफ या गांवीं नवी भट्टी उभी राहिली आणि व्हासार्टचें नांव 'स्ट्रॅथर्न' झालें. माणसें बरीचशीं तींच, कांड्याहि त्याच. म्हणून त्या काळचे कित्येक गोळे व्हासार्टचे कीं स्ट्रॅथर्नचे हें निश्चयानें सांगतां येत नाहीं, आणि जो सांगतो त्याच्यापासून जपून असावें. पुढें स्टुअर्ट ड्राइसडेल या क्रीफच्या वकिलानें स्ट्रॅथर्नमधील कांहीं कारागीर बरोबर घेऊन १९६८ मध्यें 'पर्थशायर पेपरवेट्स' काढलें. फ्रेंच गोळ्यांच्या तोडीचें काम करण्याचा त्याचा हट्ट होता आणि तो पुष्कळसा तडीस गेला. तो कारखाना २००२ मध्यें बंद पडला. इकडे पॉल मॉन्क्रिफ सोडून अगदीं उत्तर टोंकाच्या विक या गांवीं, १९६१ मध्यें निघालेल्या 'केथनेस ग्लास'मध्यें नव्या मुलांना शिकविण्यासाठीं गेला, आणि १९७० च्या सुमारास त्यानें तेथेंच स्वतःची भट्टी घातली. १९९१ सालीं तो वारला. म्हणजे आज स्कॉटिश म्हणून जे गोळे घरोघर निघतात, त्यांतील बहुतेकांची वंशरेषा कोठेंतरी त्या एका स्थलांतरित बापाच्या हाताशीं जाऊन मिळते.

आतां आमचे अकरा गोळे. त्यांतील चार ओळखण्यास कांहींच श्रम पडले नाहींत. तळाशीं केथनेसचें नांव कोरलेलें होतें. आंत फुलें नव्हतीं, तर कांचेचे पिळे, पडदे आणि बुडबुडे. ही आधुनिक तऱ्हा कॉलिन टेरिस यानें १९६९ मध्यें ग्रहांच्या नांवाचे गोळे काढून तेथें रूढ केली. दोन गोळ्यांत 'पी' अक्षराची कांडी होती, कांचेला लखलखीत पाणी होतें आणि फुलें सोनाराच्या तराजूनें मांडल्यासारखीं, ते पर्थशायरचे. तीन निनांवी, आऱ्यांचे, फिक्या रंगाचे. त्यांच्यासमोर मी व्हासार्ट-स्ट्रॅथर्न असें जोडनांव लिहून ठेवलें. राहिले दोन, आणि दोहोंतहि 'पी वाय' हीं अक्षरें होतीं.

पैकीं एक मेहुण्यांचा जीव कीं प्राण. निळ्या जमिनीवर गुलाबी फूल, भोंवतीं कांड्यांचें कडें, आणि देठापाशीं तीं दोन अक्षरें. निवृत्त झाल्यावर त्यांनीं तो एका जत्रेवजा बाजारांत बरेच पैसे मोजून घेतला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते भिंगांतून तीं अक्षरें दाखवीत. दुसरा गोळा फुलपाखराचा. त्याची कड उडालेली, तळ मळलेला. तो कोणा रोग्यानें दिला होता म्हणे, आणि स्वयंपाकघरांतील बिलें दाबण्यापलीकडे त्याची कोणी पर्वा केली नव्हती.

पॉल इसार्टच्या गोळ्यांना भाव येतांच 'पी वाय' कांडीचे बनावट गोळेहि बाजारांत आले, हें संग्राहकांत सर्वश्रुत आहे. त्यांत नवल नाहीं. आमच्याकडे बनावट सनदा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना ठाऊक आहे कीं, खोट्या सनदेंत सर्वांत आधीं आणि सर्वांत काळजीपूर्वक बनविलेला भाग म्हणजे शिक्का. फसतो तो लिहिणारा: कागदाच्या जातींत, अक्षराच्या वळणांत, एखाद्या पुढच्या काळांतील शब्दांत. तेव्हां मीं अक्षरें झांकून बाकीचा गोळा वाचावयाचें ठरविलें. संग्राहकांनीं पॉलच्या निश्चित गोळ्यांतील कांड्यांचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं आहेत. एकेक कांडी त्यांच्याशीं ताडून पाहिली. फुलपाखराच्या कड्यांतील सर्व कांड्यांची ओळख पटली. निळ्या गोळ्यांतील एकाहि कांडीची पटली नाहीं. तळ पाहिला. वर्षानुवर्षें टेबलावर सरकलेल्या गोळ्याच्या तळाला बारीक ओरखडे पडतात, ते निरनिराळ्या दिशांचे, कोठें दाट कोठें विरळ. निळ्या गोळ्याचा तळ एकसारखा खरवडलेला होता. असा तळ मुद्दाम जुना केलेला असूं शकतो. एवढ्यावर निकाल देणें धाडसाचें, म्हणून आम्ही दोन्ही गोळे एका लिलावगृहांतील जाणकार गृहस्थांकडे नेले. त्यांनीं फुलपाखरू हातीं घेतांच मान हालविली, निळा गोळा मात्र बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या यादींत मी यापुढें पॉलचें नांव लिहिणार नाहीं." खोटा असा शब्द त्यांनीं उच्चारला नाहीं. भाची परत येतांना मोटारींत कांहींच बोलली नाहीं.

गोळा तोलण्याचीहि एक युक्ति आहे, तींत मला शाळकरी मुलासारखा आनंद झाला. आर्किमिडीजचीच ती. गोळा आधीं हवेंत आणि मग दोऱ्यानें पाण्यांत बुडता ठेवून तोलावा. हवेंत ५०० ग्रॅम आणि पाण्यांत ३०० भरला, तर २०० ची तूट. ५०० ला २०० नें भागिलें कीं अडीच. साधी सोड्याची कांच या अडीचाच्या आसपास असते. शिशाची जड कांच तीन किंवा त्याहून वर जाते. यावरून कर्ता कळत नाहीं, पण साधी कांच जुन्या बाकाराच्या नांवावर कोणी खपवूं पाहील तर तें तेथल्या तेथें उघडें पडतें. गोळा कधींहि उकळत्या पाण्यांत धुवूं नये, आणि उडालेली कड घासून काढण्याची घाईहि करूं नये. घासल्यानें घुमट लहान होतो, आंतील फुलें वेडींवांकडीं दिसूं लागतात, आणि हा गोळा दुरुस्त केलेला आहे असें जाणता पाहतांच ओळखतो.

किंमतीविषयीं लोकांच्या डोक्यांत भलत्या कल्पना असतात, त्या लिलावांच्या बातम्यांमुळें. ईजिप्तचा पदच्युत राजा फरूक याच्या संग्रहांतील पेपरवेटें १९५४ मध्यें कैरोला लिलावांत निघालीं. १९९० सालीं न्यूयॉर्क येथें क्लिशीच्या एका गोळ्याला अडीच लाख डॉलरांहून अधिक आले. हीं राजघराण्याचीं लग्नें झालीं. त्यांवरून आपल्या घरच्या हुंड्याचा अंदाज बांधूं नये. केथनेसचे साधे गोळे तेथें पांच-दहा, फार तर वीस पौंडांना मिळतात. क्रमांक घालून 'मर्यादित आवृत्ति' म्हणून काढलेले गोळेहि अनेकांनीं पैसे वाढतील या आशेनें घेतले, पण ज्या वस्तू सर्वांनींच पेटींत जपून ठेवल्या त्या दुर्मिळ होत नाहींत. व्हासार्ट आणि स्ट्रॅथर्न कांहीं दहा पौंडांच्या घरांत. पॉलचा चांगला, सहीचा, अभंग गोळा शेंकड्यांत. शिवाय एकाच गोळ्याच्या किंमती तीन: विम्यासाठींची सर्वांत चढी, दुकानदाराची तिच्याखालीं, आणि लिलावांत प्रत्यक्ष हातीं पडणारी, दलाली वजा जातां, सर्वांत उतरती. मृताच्या मालमत्तेवरील करासाठीं तेथील सरकार मृत्यूच्या दिवशींचा खुल्या बाजारांतील भाव धरतें. म्हणून विम्याचा कागद पुढें करून आपणच आपलें नुकसान करून घेऊं नये. व्यापाऱ्यानें देऊं केलेली रक्कम वाईट नव्हती, एवढें मला त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण अकराहि मिळून एकच आंकडा सांगणारा मनुष्य त्यांतील एखादा गोळा ओळखून असतो.

वांटणीचा प्रश्न राहिला. मीं यादी करून, प्रत्येकाचें तळासकट छायाचित्र काढून, ओळख आणि अंदाजी किंमत लिहून भाच्याला कानडांत पाठविली. निळ्या गोळ्यापुढें 'संशयित' असें लिहितांना मला जड गेलें; पण मेहुणे स्वतः रोगाचें निदान गोड करून सांगणारे नव्हते. माझी समजूत अशी कीं, आतां फुलपाखरावरून ओढाताण होणार. उत्तर आलें तें निराळेंच. दादाला निळा गोळा हवा होता. लहानपणीं त्याचे हात न लागावे म्हणून बाबा सारे गोळे उंचावर ठेवीत, आणि हा एकच त्यांनीं पुढें, तो सुटींत घरीं आला असतां, आपण होऊन त्याच्या हातांत दिला होता. भाचीलाहि तोच पाहिजे होता. पंधरा दिवस पत्रें गेलीं-आलीं. बाजारभाव शून्याच्या जवळ असलेल्या त्या वस्तूवरून जेवढे शब्द खर्ची पडले, तेवढे घराच्या किंमतीवरून पडले नव्हते.

शेवटीं दादानें फुलपाखरू, दोन पर्थशायर आणि आऱ्यांचा एक गोळा घेतला. केथनेसचे तीन विकले, एक शेजारणीला दिला. आऱ्यांचे दोन आणि निळा भाचीकडे राहिले. आधीं तो तिनें खिडकींतील टेबलावर ठेवला होता, तो मींच तेथून हालविला. असा घुमट उन्हांत भिंगासारखा किरण गोळा करतो आणि खालचा कागद पेटूं शकतो. आणि डंडीला जून महिन्यांत रात्रीं नऊ वाजले तरी त्या टेबलावर ऊन असतें.